बोलणी शत्रूशीच करावी लागतात : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

इस्रायल आणि पॅलेस्टिनी यांच्यात वाटाघाटींतून युद्धबंदी झाली पाहिजे, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : गाझावर सत्ता असलेल्या ज्या हमास या सशस्त्र संघटनेने ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसे मारली, तिच्याशी बोलणे म्हणजे तिला प्रतिष्ठा देणे होय, प्रत्येक युद्धबंदी तिला पुन्हा शस्त्रे जमवायला वेळ देते, गिलाद शालित या सैनिकाच्या बदल्यात सोडलेल्या कैद्यांतूनच त्या हल्ल्याचा सूत्रधार याह्या सिनवार बाहेर आला, आणि २६/११ नंतर मुंबईकरांना कोणी असा सल्ला दिला असता तर तो आपण ऐकून घेतला असता का? हे प्रश्न गंभीर आहेत आणि त्यांची उत्तरेही तितक्याच गांभीर्याने दिली पाहिजेत.

त्या दिवशी किबुत्झांमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतींमध्ये, आणि नोव्हा संगीत महोत्सवात जे घडले, त्याचे समर्थन कोणत्याही अन्यायाच्या इतिहासातून निघत नाही. म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या मुलांना ओलीस धरणे हा युद्धगुन्हाच आहे. याविषयी आपल्यात मतभेद नाही. मतभेद आहे तो पुढच्या प्रश्नावर : ज्यांना पळवून नेले त्यांना परत कसे आणायचे, आणि तसा दिवस पुन्हा उगवू नये म्हणून काय करायचे?

आपण इस्रायली नागरिकांच्या जिवाची काळजी हाच निकष मानता, म्हणून मीही तोच निकष धरतो. त्या दिवशी २५१ जणांना गाझात नेण्यात आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये कतार, इजिप्त आणि अमेरिकेच्या मध्यस्थीने तोफा सात दिवस थांबल्या आणि १०५ जण घरी आले. जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या युद्धबंदीत आणखी तीस जण जिवंत सुटले, आणि १३ ऑक्टोबर २०२५ रोजी उरलेले वीस. म्हणजे दीडशेहून अधिक माणसे वाटाघाटींमुळे परतली. दोन वर्षांच्या लष्करी कारवाईत जिवंत सोडवता आलेल्यांची संख्या आठ आहे. त्या सैनिकांचे शौर्य मी कमी लेखत नाही. परंतु डिसेंबर २०२३ मध्ये गाझा शहराच्या शुजाइया भागात पांढरे फडके दाखवत पुढे आलेले तीन ओलीस इस्रायली सैनिकांच्याच गोळ्यांना बळी पडले, आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस सैन्य जवळ येत असताना दक्षिण गाझातल्या रफाच्या भुयारात हमासने सहा ओलिसांना गोळ्या घातल्या, हेही विसरता येत नाही. या सहा जणांविषयी मला विशेष वाटते, कारण युद्धबंदीचा तीन टप्प्यांचा जो आराखडा अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बायडेन यांनी ३१ मे २०२४ रोजी जाहीर केला होता, जानेवारी २०२५ चा करार मूलतः त्याच आराखड्यावर झाला. मधल्या साडेसात महिन्यांत ते सहा जण गेले आणि गाझात हजारो पॅलेस्टिनी गेले. ‘लष्करी दबावामुळेच हमास वाटाघाटींना आली’ असे आपण म्हणाल, आणि दबावाचा काहीच परिणाम झाला नाही असा माझा दावा नाही; पण तो मान्य केला तरी त्या महिन्यांची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न शिल्लक राहतो.

आता शालित. आपला हा मुद्दा सर्वांत बळकट आहे. जून २००६ मध्ये त्याला पकडून गाझात नेले गेले, त्यानंतर गाझात मोठ्या लष्करी मोहिमा झाल्या, २००८-०९ च्या हिवाळ्यात तर पूर्ण युद्ध झाले, आणि तरीही तो सुटला तो ऑक्टोबर २०११ मध्ये, १०२७ कैद्यांच्या बदल्यात. जन्मठेपेच्या अनेक शिक्षा भोगणारा सिनवार त्यांतच होता. सोडलेल्या कैद्यांतून उद्या पुन्हा मारेकरी निघू शकतात ही भीती खरी आहे, आणि ज्या इस्रायली कुटुंबांनी आपल्या मुलांच्या मारेकऱ्यांना बसमधून घरी जाताना पाहिले, त्यांच्यापुढे युक्तिवाद करण्याचा अधिकार मला नाही. परंतु त्या अदलाबदलीबरोबर दुसरे काहीही झाले नाही. गाझाची नाकेबंदी तशीच राहिली, राजकीय बोलणी झाली नाहीत, आणि बोलणीच्या मार्गाने काही मिळवू पाहणाऱ्या रामल्लाच्या पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या, म्हणजे वेस्ट बँकमधल्या हमासविरोधी पॅलेस्टिनी प्रशासनाच्या, हाती काही लागले नाही. ओलीस धरणाऱ्यांना मात्र हजार कैदी मिळाले. पॅलेस्टिनी तरुणाने यातून कोणता धडा घ्यावा? शिवाय हमासच्या सशस्त्र दलाचा प्रमुख आणि त्याच हल्ल्याचा आणखी एक सूत्रधार मोहम्मद देइफ त्या अदलाबदलीत सुटलेला नव्हता. एक माणूस तुरुंगात राहिला असता तर ७ ऑक्टोबर घडलाच नसता, हे गृहीतक म्हणूनच मला पुरेसे वाटत नाही.

‘युद्धबंदी म्हणजे शत्रूला उसंत’ हा आक्षेप तपासण्यासाठी इस्रायलचाच इतिहास पाहू. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी, यहुद्यांच्या सर्वांत पवित्र दिवशी, इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात यांनी सीरियाच्या साथीने अचानक हल्ला केला. त्या युद्धात अडीच हजारांहून अधिक इस्रायली सैनिक मेले. युद्ध थांबल्यावर सैन्ये वेगळी करण्याचे करार टप्प्याटप्प्याने झाले, दोन्ही देशांमधल्या सिनाईच्या वाळवंटात मध्ये मोकळा पट्टा आखला गेला, तिथे अमेरिकी निरीक्षक बसले, आणि चारच वर्षांनी तेच सादात जेरुसलेममध्ये क्नेसेटपुढे, म्हणजे इस्रायलच्या संसदेपुढे, भाषण करत होते. त्यांच्याशी करार करणारे इस्रायलचे पंतप्रधान मेनाखेम बेगिन हे स्वतः एकेकाळी इरगुन या सशस्त्र ज्यू संघटनेचे नेते होते, ज्या संघटनेने १९४६ मध्ये जेरुसलेममधले किंग डेव्हिड हॉटेल उडवून ९१ माणसे मारली होती. १९७९ चा तो शांतता करार आजही टिकून आहे. सीरियाशी तर शांतता कधीच झाली नाही, तरी १९७४ च्या कराराने आणि संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांमुळे गोलान टेकड्यांवरची सीमा कित्येक दशके जवळजवळ शांत राहिली. दोन्ही ठिकाणी एकमेकांवर विश्वास नव्हता. विश्वासाच्या जागी रेषा होती, अंतर होते आणि पाहणारा तिसरा होता.

जानेवारी २०२५ च्या करारात नेमके हेच कच्चे राहिले. पहिला टप्पा ४२ दिवसांचा होता आणि दुसऱ्या टप्प्याची बोलणी सोळाव्या दिवसापासून सुरू व्हायची होती. ती खऱ्या अर्थाने झालीच नाहीत. २ मार्चला इस्रायलने गाझात जाणारी मदत थांबवली, १८ मार्चच्या पहाटे बाँबहल्ले पुन्हा सुरू झाले आणि त्या एका दिवसात चारशेहून अधिक माणसे मेली. पुढे ऑगस्टमध्ये गाझा शहर आणि त्याच्या परिसरात दुष्काळ पडल्याचे अधिकृतपणे जाहीर झाले. यावरून मी असे म्हणतो, की युद्धबंदीचा मजकूर अर्धवट ठेवू नये, पुढचे टप्पे आधीच बांधून घ्यावेत आणि उल्लंघन कोणी केले हे ठरवणारी यंत्रणा असावी. युद्धबंदीच नको, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

बोलणीने प्रतिष्ठा मिळते, या आक्षेपावर थोडेच लिहितो. ऑगस्ट २०२४ मध्ये गाझात पंचवीस वर्षांनंतर पोलिओचा रुग्ण आढळला, तेव्हा दोन्ही बाजूंनी विभागवार, ठरावीक तासांसाठी लढाई थांबवण्याचे मान्य केले आणि पहिल्या फेरीत साडेपाच लाखांहून अधिक मुलांना डोस मिळाले. त्यातून हमासला कोणती प्रतिष्ठा मिळाली?

राहिला २६/११ चा प्रश्न. नरिमन हाउस या मुंबईतल्या ज्यू केंद्रातल्या हत्या मी विसरलेलो नाही. परंतु आपल्याच देशाचा अनुभव पाहा. कारगिलनंतर चार वर्षांनी आणि संसदेवरील हल्ल्यानंतर दोन वर्षांनी, कारगिलच्या वेळी पाकिस्तानचे लष्करप्रमुख असलेले मुशर्रफ सत्तेवर असतानाच, वाजपेयी सरकारने नोव्हेंबर २००३ मध्ये नियंत्रण रेषेवरील युद्धबंदी स्वीकारली. ती पुढे मोडली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन्ही लष्करांच्या अधिकाऱ्यांनी हॉटलाइनवर बोलून ती पुन्हा लागू केली. युद्धबंदी पाळली गेली त्या काळात उरी आणि पूंछच्या गावांतली मुले तोफगोळ्यांच्या भीतीशिवाय शाळेत गेली. त्यामुळे कोणी अतिरेक्यांना क्षमा केली असे झाले नाही.

‘इथे बसून तुम्हाला काय कळणार’ असेही आपण विचारले आहे. कोकणातून गेलेल्या बेने इस्रायली कुटुंबांमुळे लोद, अश्दोद, दिमोना इथे आजही मराठी बोलली जाते, आणि भोंगा वाजल्यावर ‘ममाद’मध्ये, म्हणजे घरातल्या सुरक्षित खोलीत, धावणाऱ्यांत आपली भाषा बोलणारी माणसे असतात. गाझातल्या माणसाला तशी खोली नाही. तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीनुसार ऑक्टोबर २०२५ पर्यंत ६७ हजारांहून अधिक माणसे मेली. भारताने १९८८ मध्ये पॅलेस्टाइनला मान्यता दिली आणि १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले, त्यामुळे दोन्हीकडे आपला शब्द पोहोचतो. १२ डिसेंबर २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारताने युद्धबंदीच्या बाजूने मत दिले, आणि जून २०२५ मध्ये तशाच मागणीच्या ठरावावर तो तटस्थ राहिला. या बदलाचे कारण आपल्या खासदारांना विचारणे हे इथे बसून करता येण्यासारखे काम आहे, आणि ते मी करणार आहे.