थोडं थांबा, पुढचा येतोय

फोन घ्यायचाय म्हणता? घ्या की. पण आज नको. आज फोन घेणारा माणूस म्हणजे नळाला पाणी यायच्या आदल्या दिवशी टँकर मागवणारा. सोलापुरात राहून एवढी कळ काढता येत नसेल, तर इतकी वर्षं कोरड्या नळाकडं बघून शिकलात काय?

मी स्वतः गड्ड्याच्या जत्रेपासून फोन बघालोय. संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक बघायला गेलो होतो. बाराबंदी घातलेल्या मंडळींचा फोटो घ्यायला हात वर केला, मागून धक्का बसला आणि फोन कुणाच्या तरी पायाखाली गेला. उचलून बघतो तर काचेवर कोळ्याचं जाळं. त्याच रात्री घरी येऊन एक्सेलची शीट उघडली. आज त्या शीटमध्ये तेवीस फोन आणि एकेचाळीस रकाने आहेत. हातातला फोन तोच आहे, जाळ्यासकट. तेव्हा या विषयावर सल्ला द्यायचा अधिकार माझ्याइतका कुणाला असेल असं वाटत नाही.

एक पथ्य कडक पाळा. दुकानात मिळणाऱ्या फोनांची तुलना करत बसू नका. त्यांना लोकांनी वापरून नावं ठेवलेली असतात: गरम होतो, रात्रीचे फोटो धुरकट येतात, कानाला लावला की गालानं फोन कट होतो. जो फोन अजून जन्मालाच आला नाही त्याला कोण नावं ठेवणार? तो कधी पडलेला नसतो, कधी अडकलेला नसतो, त्याच्या सर्व्हिस सेंटरात कुणी टोकन घेऊन बसलेलं नसतं. शीटमध्ये एकीकडं ‘आहे’ आणि दुसरीकडं ‘अपेक्षित’ असे दोन रकाने आखा. दरवेळी ‘अपेक्षित’च जिंकतो. माहितीची चिंता करू नका. कुठल्या तरी कारखान्यातून कव्हराचा फोटो फुटलेला असतोच. कव्हराला भोकं किती, त्यावरून कॅमेरे किती. भोक मोठं की लहान, त्यावरून सेन्सर केवढा. एका भोकावरून मी दोन महिने काढलेत.

मग घ्यायचा कधी? पंचांग काढून ठेवलंय. जानेवारी-फेब्रुवारीत सॅमसंगच्या एस मालिकेतला नवा फोन येतो, म्हणून डिसेंबरात घेणारा खुळा. आल्या आल्या घेतो तो त्याहून खुळा, कारण किंमत उतरायची असते. ती उतरेपर्यंत ऑगस्टात गूगलचा पिक्सेल येतो, सप्टेंबरात आयफोन. त्याच सुमाराला क्वालकॉम आणि मीडियाटेक आपापली नवी चिप जाहीर करतात, आणि ती पोटात घातलेले फोन आपल्या बाजारात पोचेपर्यंत वर्ष सरत आलेलं असतं. डिसेंबरात काय करायचं नाही ते वर सांगितलंच.

आयफोनवाल्यांची अडचण वेगळीच. २०२५ साली आयफोन १७ जाहीर झाला ९ सप्टेंबरला आणि विक्रीला आला १९ ला, म्हणजे सगळं प्रकरण पितृपंधरवड्यात. आईसमोर नुसता विषय काढला तर म्हणाली, ‘कावळ्याला दाखवणारायस का?’ थांबलो. २२ ला घटस्थापना, आणि जीएसटीचे नवे दरही त्याच दिवसापासून. मी अंघोळ करून शीट उघडली. मोठे टीव्ही उतरले, एसी उतरले. मोबाईल मात्र एप्रिल २०२० मध्ये १२ वरून १८ टक्क्यांवर जाऊन बसलाय तो तिथंच बसलेला. शीट मिटली.

आता प्रोसेसर. या रकान्यात नॅनोमीटर लिहायचे. चारपेक्षा तीन भारी, तीनपेक्षा दोन. चिपमध्ये तीन नॅनोमीटरचा भाग नेमका कुठला, असं मात्र कुणाला विचारू नका. तसा भाग नसतोच. एके काळी तो आकडा ट्रान्झिस्टरच्या मापाशी जुळायचा, आता ते नुसतं पिढीचं नाव उरलंय. जुळे सोलापुरातल्या प्लॉटच्या जाहिरातीत ‘स्टेशनपासून दहा मिनिटांवर’ असतं, तसं. (आमचा प्लॉट तसाच घेतलेला आहे. रात्री दोनला, ॲम्ब्युलन्समधून, लागत असतील दहा मिनिटं.) शेजारच्या रकान्यात वेग लिहा. क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन ८ एलीट चिपचा मुख्य गाभा (कोअर) ४.३२ गिगाहर्ट्झपर्यंत पळतो. कशाच्या मागं पळतो? सोसायटीच्या ग्रुपवर आलेल्या ‘शुभ सकाळ’च्या गुलाबाच्या. बेंचमार्कचे, म्हणजे वेग मोजायच्या चाचण्यांचे, आकडे वीस-पंचवीस लाखांच्या पुढं गेलेत आणि गुलाब अजून पूर्वीच्याच वेगानं उघडतोय, कारण तो नेटवर्कात अडकलाय. पण नेटवर्क हा हार्डवेअरचा विषय नाही, तिकडं लक्ष देऊ नका.

रॅमच्या बाबतीत बेरीज येणं महत्त्वाचं. खोक्यावर ‘८ अधिक ८’ असेल तर निःशंकपणे सोळा लिहा. दुसरे आठ म्हणजे स्टोरेजमधलीच जागा रॅम म्हणून वापरायला काढलेली असते आणि ती खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी संथ असते, हे खरंय. पण स्थळ बघायला पाहुणे आले की चुलत्याच्या खोल्याही आपल्याच म्हणून दाखवतातच ना.

उन्हाळ्याचा रकाना तुमच्या शीटमध्ये नसेल. घालूही नका, सगळी शीट नासते. ॲपल आपला फोन वापरायला भोवतालचं तापमान शून्य ते पस्तीस अंश सांगतं. पस्तीस! पस्तीसला आपण ‘आज जरा बरं वाटालंय’ म्हणतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा फोन काय करतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. ऑफिसातल्या एका मित्रानं नवा, महागातला फोन घेतला होता. (थांबला नाही. सांगून ऐकत नाही.) ‘साडेचार हजार निट्स बे,’ महिनाभर हेच चाललं होतं. (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप.) मे महिन्यात दुपारी दीडला आम्ही सात रस्त्याजवळ रसवंतीवर गेलो. दोन ग्लास, बिनबर्फाचे. पैसे द्यायला त्यानं ऐटीत फोन काढला. क्यूआरसमोर धरला. स्क्रीन काळपट. त्यानं तळहाताची सावली केली. आणखी काळपट. शर्टाच्या आत डोकं घालून बघितलं. मग फोनवर सूचना आली, ती त्याला दिसेना म्हणून मी वाचली: तापमान वाढल्यामुळं उजेड कमी करण्यात आला आहे.

रसवाला चिपाडं परत चरकात घालत म्हणाला, ‘सावलीत या साहेब, तेबी थकलंय.’

ते साडेचार हजार निट्स खोटे नव्हते. फक्त ते स्क्रीनच्या छोट्याशा तुकड्यावर, थोडा वेळ, ठरावीक प्रकारचा व्हिडिओ लावला तर मोजलेले होते. फोन तापला की तो आधी स्वतःला वाचवतो: उजेड उतरवतो, चिपचा वेग उतरवतो, चार्जिंग मंद करतो. म्हणजे हजारो रुपये मोजून घेतलेले गिगाहर्ट्झ आणि निट्स दोघंही मेमध्ये दुपारची झोप काढतात, आणि सोलापुरात राहून त्यांनी ती का काढू नये? शेवटी पैसे माझ्या फोननं दिले. तो मुळात कधी उजळलाच नसल्यानं मंद व्हायचा प्रश्न नव्हता. जाळ्याच्या दोन धाग्यांमधून क्यूआर बरोबर बसला. रसवाल्याचा क्यूआरचा डबा बोलला, ‘चाळीस रुपये प्राप्त झाले.’ मित्र आठवडाभर निट्सबद्दल बोलला नाही.

कॅमेऱ्यात २०० मेगापिक्सेलच्या खाली उतरू नका. असा कॅमेरा एरवी सोळा-सोळा पिक्सेलची मोळी बांधतो आणि हातात साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. ५० वाला चार-चारची मोळी बांधतो. किती येतो? साडेबारा. तो फोटो तुम्ही पुण्यातल्या बहिणीला व्हॉट्सॲपवर साधाच पाठवता, तिथं तो दाबून दोन मेगापिक्सेलच्या आसपास येतो. फोनच्या पाठीवर तिसरं भोक भरायला तो २ मेगापिक्सेलचा मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायचा) कॅमेरा ठेवलेला असतो, ज्याला आपण सगळे हसतो, त्याच्याच पातळीला. बहीण बघते आणि म्हणते, ‘शेंगा चटणी आहे का ती? पाठव की थोडी.’ चटणी ओळखू आली, बस्स. पण शीटमध्ये २००च लिहा.

बॅटरीबद्दल फार डोकं लावू नका, आकडा मोठा दिसला की झालं. तेवढ्याच जागेत जास्त चार्ज मावणाऱ्या सिलिकॉन-कार्बनच्या बॅटऱ्या आल्यापासून सात हजार एमएएचही काही विशेष राहिलेलं नाही. चार्जर खोक्यात मिळतो का, हे मात्र बिल झाल्यावर विचारायचं, आधी विचारलं तर मजा जाते. आणि टाइप-सीचं गोंडस भोक दिसलं की आत काय आहे ते उकरू नका. कित्येक फोनांत त्या भोकामागं यूएसबी २.०च असतं, सेकंदाला ४८० मेगाबिटवालं. ते प्रमाण आलं २००० साली.

सोबत कुणाला न्यायचं नाही तेही सांगून ठेवतो. आप्पांना मी एकदा नवी पेठेत घेऊन गेलो. आप्पांची हयात मागावर गेली. चादर घेताना ते नक्षीकडं बघतच नाहीत. काठ चिमटीत धरतात, अंगठा फिरवतात, उलटी करून मागची वीण बघतात, एका हातावर टाकून वजन तोलतात. दोन मिनिटं. मग म्हणतात, ‘घे,’ नाहीतर ‘चल.’ दुकानात मी काउंटरवरच्या पोराला स्क्रीनचा रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा ताजं होतं तो) एलटीपीओचा, म्हणजे गरजेप्रमाणं कमी-जास्त होणारा, आहे की साधा, हे विचारत होतो. आप्पांनी काउंटरवरचा फोन उचलला, तोलला, पालथा केला, पाठीवरून अंगठा फिरवला. अंगठ्याचा ठसा उमटला. त्यांनी धोतरानं तो पुसला, परत फिरवला, परत उमटला.

‘मागनं काच का बे?’ आप्पा.

‘प्रीमियम आहे ना आजोबा. काच असते.’

‘पडल्यावर?’

‘कव्हर येतंय की. रबराचं.’

‘म्हणजे काचेचे पैसे घेणार, आणि वर रबर घालणार.’ आप्पांनी फोन ठेवला. ‘चल.’

माझे एलटीपीओवरचे अजून चार प्रश्न बाकी होते. असल्या माणसाला बरोबर नेलं की चार महिन्यांचा अभ्यास दोन मिनिटांत उताणा पडतो. त्यांना बाहेर रसाला बसवा आणि एकटे आत जा.

बायकोला तर अजिबात नेऊ नका. किंबहुना तिला एकटीलाही सोडू नका. आमच्या घरात हेच झालं. तिचा फोन बंद पडला त्या दिवशी मी तिला शीट दाखवली, किमान जानेवारीपर्यंत थांब म्हणून समजावलं, रकाने वाचून दाखवले. ती सव्विसाव्या रकान्यापर्यंत होती, मग कुकरची शिट्टी झाली. दुसऱ्या दिवशी भाजीला म्हणून गेली आणि येताना पिशवीत मेथीच्या जुडीखाली फोनचं खोकं.

मी हादरलो. ‘प्रोसेसर कुठला?’

‘ते नाही विचारलं. आवाज मोठा आहे का विचारलं. गिरणीत ऐकू यायला पाहिजे.’

‘आणखी?’

‘बिघडला तर कुठं आणायचा, ते विचारलं. तो म्हणाला, वहिनी, इथंच आणा, मी बघतो. किती वर्षं अपडेट येतंय तेही विचारलं. कागदावर लिहून घेतलंय.’

अकरा मिनिटं लागली म्हणे तिला, त्यातली चार सुट्ट्या पैशांवरून गेली. शीटमध्ये शोधला तर तो फोन सतराव्या ओळीत होता, मी लाल रंगानं काट मारलेला, कारण डिस्प्लेची कड दीड मिलीमीटर जास्त. त्या कडेबद्दल मी तिला सांगितलं. तिनं कव्हर घातलं, कड गेली.

आता एक तांत्रिक अडचण आहे ती सांगतो. माझ्या फोनचं चार्जिंग हल्ली वायर एका विशिष्ट कोनात, खाली काड्यापेटी ठेवूनच होतं, आणि जाळं आता बरोबर त्या जागी पसरलंय जिथं शीटचे आकडे येतात. त्यामुळं रात्री जेवणं झाल्यावर मी तुलना तिच्या फोनवर करतो. चांगला दिसतो त्याच्यावर. तेवीस ओळी, एकेचाळीस रकाने, कुठं अडकत नाही.

काल असाच बसलो होतो. एका येणाऱ्या फोनचं वजन फुटलं होतं, ते रकान्यात भरत होतो.

‘अहो, द्या फोन. वाजालाय.’

‘एक मिनिट. एकशे अठ्ठ्याण्णव ग्रॅम निघालंय.’

‘गिरणीवाला आहे तो. गहू किती किलो झाले विचारा.’