चालायलाय की अजून!

जुना कॉम्प्युटर घरातून काढायचा विषय निघाला की आतून आवाज येतो, "कशाला काढायलाव? चालायलाय की अजून!" हा आवाज हमखास अशा माणसाचा असतो, ज्यानं गेल्या चार वर्षांत त्याच्या माउसला हात लावलेला नसतो. माझं म्हणणं, आधी 'चालायलाय'चा अर्थ ठरवू. बटण दाबलं, दिवा लागला, पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरला आणि काळ्या पडद्यावर 'पुढं जायचं तर एफ-वन दाबा' अशी पाटी आली, याला आमच्याकडं चालणं म्हणतात.

एफ-वन दाबावं लागतं, कारण म्हातारा तारीख विसरलेला असतो. मदरबोर्डवर (सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी) नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. लाइट गेली तरी घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. तो संपला की घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जाऊन बसतं. बाहेर आषाढी, आत १ जानेवारी २००२. मग बँकेची साइट उघडत नाही, कारण साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रावरची तारीख आणि आपली तारीख यांत दोन दशकांचा फरक. घरातले मात्र नेटवाल्याला फोन करून शिव्या घालतात. सेल घड्याळजीकडं मिळतो, लिहिलेली बाजू वर ठेवून बसवायचा, दोन मिनिटांचं काम. अर्थात आत विंडोज एक्सपी असेल तर तारीख सुधारूनही फार हाती लागत नाही. तिचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. आजच्या बहुतेक साइट तिच्या जुन्या ब्राउझरला दारातूनच परत पाठवतात.

पडदा काळाच आणि नुसतं लांब पीं… पीं… चालू असेल तर बहुतेक वेळा रॅम, म्हणजे चालू कामाची स्मरणपट्टी, सैल किंवा तिचे दात मळलेले. वायर काढा, रॅम बाहेर घ्या, सोनेरी पट्टीवर पेन्सिलीचं खोडरबर हलक्या हातानं फिरवा, भुसा फुंकून न टाकता ब्रशनं झाडा (फुंकरीत थुंकी असते), आणि दोन्ही बाजूंचे चाप 'टक्' वाजेपर्यंत दाबून बसवा. घरातल्या कर्त्या पुरुषाचा इलाज वेगळा असतो. तो कॅबिनेटला थाप मारतो. रेडिओपासून चालत आलेली ही पद्धत आहे आणि खरं सांगायचं तर ती लागू पडतेही, कारण सैल जोड क्षणभर जुळतो. पण त्याच वेळी आत हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेऱ्या घेत असते आणि तिचं वाचणारं टोक तबकडीपासून केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाएवढं वर तरंगत असतं. थापेनं रॅम उठते, डिस्क झोपते.

कॅबिनेट उघडायला मागचे दोन स्क्रू पुरतात. समोरून बघताना डावीकडचा पत्रा मागं सरकवायचा. आत जे दिसतं त्याला धूळ म्हणणं कमीपणाचं आहे. काळी माती, जिनिंगच्या बाजूला घर असेल तर कापसाची रुई, आणि त्यात पालीची दोन रिकामी अंडी, अशी जाड गोधडी प्रोसेसरवर, म्हणजे मशीनच्या मेंदूवर, पांघरलेली असते. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या वर, आणि हा गोधडी घेऊन बसलेला! दहा मिनिटांत तापून बंद पडला तर नवल काय. पंख्याखालची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारं मलम) तोवर खडू झालेली असते. इथं अनेकांचा घात होतो. पंखा तसाच वर ओढला तर जुन्या पेंटियम फोरमध्ये त्याला चिकटून प्रोसेसरही उपटून येतो, ४७८ पिनांसकट, आणि पिना वाकतात. आधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट करायची, बंद करायची, मग पंखा हळूच डावी-उजवीकडं फिरवत सोडवायचा. तिथंच शेजारी वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्या, म्हणजे कपॅसिटर, उभे असतात. त्यांची टोपी सपाट हवी. तव्यावर भाकरी टम्म फुगली तर सुगरणीचं कौतुक; कपॅसिटर फुगला, माथ्यावर तपकिरी खपली आली, तर आता फुलं-उदबत्तीच्या तयारीला लागावं.

पण जिवंत माणसाची तेरवी करू नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून लोक आय-थ्री, आय-फाइव्ह प्रोसेसरची धडधाकट मशीनं भंगारात काढू लागलेत. ज्यात चार जीबी रॅम आहे, त्यात एक एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका, विंडोजच्या जागी फुकटातलं लिनक्स मिंट चढवा, पोरांच्या अभ्यासाला अजून काही वर्षं पुरतो. याउलट ५१२ एमबीचा डबा "शाळेला देऊन टाकू" हे दान नव्हे. ते आपलं भंगार झेडपीच्या शाळेत नेऊन ठेवणं झालं.

एवढं झाल्यावर हार्ड डिस्क बाहेर काढायची. जुन्या डिस्कला रुंद पट्ट्याची चाळीस पिनांची आयडीई जोडणी असते, नंतरच्यांना सॅटा. दोन्ही चालणारा यूएसबी कन्व्हर्टर घ्या, पण त्याच्यासोबत १२ व्होल्टचा अडॅप्टर आलाय ना ते दुकानातच बघा. साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीच्या विजेवर फिरत नाही. डिस्क टक-टक करत असेल तर 'चेक डिस्क' अजिबात चालवू नका. ती शेवटचे श्वास मोजत्येय, तिच्याकडून कवायत काय करवून घ्यायची? आधी फोटो आणि कागदपत्रं, मग हिशेबाच्या टॅलीचा 'डेटा' फोल्डर, आणि वेळ उरला तर गाणी. घरातले गाण्यांपासून सुरुवात करतात. फोटो 'न्यू फोल्डर'मधल्या 'न्यू फोल्डर'मध्ये असतात, आणि 'महत्त्वाचे फायनल' नावाच्या फोल्डरमध्ये भिंतीवर लावायची देवांची चित्रं.

खरी पंचाईत मराठी फायलींची. लग्नाचा बायोडाटा, सोसायटीचं इतिवृत्त, आजोबांनी टाइप करून घेतलेली वंशावळ नव्या कॉम्प्युटरवर उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टिंबं, मध्येच पाउंडाची खूण. घरचे म्हणतात व्हायरस आला. व्हायरस नसतो. युनिकोडच्या (सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारा अक्षरांचा सामायिक संकेत) आधी श्रीलिपी, आयएसएमसारख्या मराठी टायपिंगच्या सोयींमध्ये फॉन्ट इंग्रजीच्याच घरांत मराठी आकार बसवायचे. फायलीत कायम इंग्रजी अक्षरंच साठवलेली. मराठी दिसायची ती फक्त फॉन्टच्या कृपेनं. म्हणूनच त्या काळच्या यादीला अकारविल्हे लावायला गेलं की 'अ'च्या आधी 'म' यायचा. तेव्हा डिस्क पुसण्याआधी विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधून ते फॉन्ट न विसरता उचलायचे. सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट हीच. मग कन्व्हर्टरनं मजकूर युनिकोडमध्ये आणायचा आणि डोळ्यांत तेल घालून वाचायचा. पहिली वेलांटी शेजारच्या अक्षराकडं राहायला गेलेली असते, रफार एक घर पुढं सरकलेला असतो. बायोडाट्यात 'वर्ण: निमगोरा' होतं तिथं काय उमटेल याची हमी कुणी देऊ शकत नाही.

आता पुसणं. डिलीट करून कचरापेटी रिकामी केली, क्विक फॉरमॅट मारला, तर फक्त अनुक्रमणिका फाटते, पुस्तक शाबूत. एक्सपीचा तासभर चालणारा पूर्ण फॉरमॅटही खराब जागा शोधतो, पुसत काही नाही. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये 'क्विक' समोरची खूण काढून फॉरमॅट केला तरच डिस्कवर शून्यं लिहिली जातात. ८० जीबीला यूएसबीवरून पाऊण-एक तास लागतो, दुपारची झोप होते. डिस्क मेलीच असेल तर ड्रिलनं तबकडीच्या आरपार दोन-तीन भोकं. चष्मा घालून, कारण लॅपटॉपच्या डिस्कची तबकडी बऱ्याचदा काचेची असते.

एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) आणि पिक्चर ट्यूबचा डबा मॉनिटर मात्र कितीही हौस असली तरी उघडू नका. वायर काढल्यावरही एसएमपीएसच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास वीज दबा धरून बसते, आणि पिक्चर ट्यूबचं गणित वीस हजार व्होल्टच्या पुढचं. भंगारवाला तो मॉनिटर फोडतो तांब्याच्या तारेसाठी. शिसं मिसळलेली काच नालीत जाते.

त्याच्याशी होणारा संवाद ठरलेला.

"काका, काय देणार?"

"लोखंडाच्या भावानं घेतो. पण ह्या टीव्हीचे तुम्हीच द्या काहीतरी, लई जड हाय."

कायद्यानं हा माल नोंदणीकृत रिसायकलरकडं जायला हवा. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि मालाचं रिसायकलिंग करवून घ्यायची जबाबदारी उत्पादकावर आहे. पण आपलं मशीन असेंबल केलेलं. मदरबोर्ड एका कंपनीचा, रॅम दुसरीची, कॅबिनेटवर गावातल्या दुकानाचं स्टिकर, आणि ते दुकान आता मोबाइलची कव्हरं विकतं. वारस म्हणून हाक कुणाला मारायची? जिल्ह्याच्या गावी नगरपालिकेनं किंवा एखाद्या संस्थेनं ई-कचरा गोळा करायचा दिवस ठेवला तर तोच गाठावा. यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपियर-अवरची बॅटरी मात्र वेगळी काढा. नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वळते करतो. भारनियमनाच्या काळात तिनं दहा मिनिटं कशीबशी तग धरली, त्याचं तेवढं तरी चीज होतं.

सगळं गेल्यावरही ड्रॉवरमध्ये पाच पॉवर केबल, निळ्या टोकाची मॉनिटरची वायर आणि ड्रायव्हरची सीडी उरते. नव्या लॅपटॉपला सीडी घालायला जागा नाही, तरी ती जपायची. आणि कॅबिनेटचा तो डावा पत्रा. तोही कुणी जाऊ देत नाही. नळाला आठवड्यानं पाणी येतं, म्हणून अंगणातल्या टिपाडावर तो बरोबर झाकण बसतो, वर विटेचा तुकडा. पंख्याच्या भोकांतून डास जाऊ नयेत म्हणून त्यावर माउसपॅड चिकटवलेलं असतं.