नाव लपवलं म्हणजे भित्रा नव्हे

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यामुळं हालचालींवर येणारं अपंगत्व) असलेल्या मुलाबद्दल बापाने टोपणनावाने लिहिलं, म्हणून काहींनी त्याला भित्रा ठरवलंय. मला हे अजिबात पटलं नाही. आमच्या परभणीचे लेखक भगवान रघुनाथ कुलकर्णीही ‘बी. रघुनाथ’ म्हणूनच लिहायचे. इथं तर नाव झाकलंय ते लेकरासाठी, उद्या त्यालाही त्याच गावात राहायचंय.

माझा भाऊ लेकीच्या कॅलिपरचे (पायाला आधार देणाऱ्या साच्याचे) पट्टे रोज स्वतः आवळतो, कुठं काचत तर नाही ना म्हणून आत बोट घालून बघतो. पण बोलत काहीच नाही.

टोपणनावाने लिहिणाऱ्या दादा, ‘आमच्या माघारी काय’ ही तुमची धास्ती खरी आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार मूल 18 वर्षांचं झाल्यावर कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करा. आणि लिहीत राहा, नाव कोणतंही असू द्या.