पोट्टं कोणाचं? कोड दाखवा

माझं दुकान झेरॉक्सचं. म्हणजे बोर्डावर झेरॉक्स लिहिलंय, पोट भरते ते ऑनलाईन फॉर्मवर. सातबारा, पीकविमा, स्कॉलरशिप, लाडक्या बहिणीची केवायसी, जे येईल ते. आणि खेड्यात एकदा लोकांना समजलं ना की याच्याकडं प्रिंटर आहे, की मग ज्या-ज्या वस्तूला वायर असते ती तुमच्या काउंटरवर येऊन पडते. मागं एक मामी मिक्सर घेऊन आल्या होत्या. "तुह्याकडं कम्प्युटर आहे न बाप्पा, पाय बरं जरा."

तर टेक्सासचा प्रिंटर माझ्याच गळ्यात पडला यात नवल काही नाही.

झालं असं की नाताळात आमच्या मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, एक भाऊ बऱ्याच वर्षांनी अमेरिकेहून गावी आला. उपासनेत उभं राहून त्यानं देवाच्या कृपेची साक्ष दिली, आणि साक्ष संपता संपता बॅगेतून एक टॅबलेट आणि एक पांढरी डब्बी काढून वेदीपाशी ठेवली. म्हणे आमच्या तिकडच्या चर्चमध्ये लेकरांचं चेक-इन होते. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच विचारलं, विमानात बसवतेत का? त्यानं समजावून सांगितलं, आणि खरं सांगतो, तिकडच्या हिशोबानं गोष्ट बरोबर आहे. तिकडं हजार-दीड हजार माणूस एका उपासनेला, मोठे एका हॉलात, लेकरं दुसऱ्या बिल्डिंगीत, कोण कोणाला ओळखत नाही. मग माय-बाप येतात, मोबाईलचे शेवटचे चार आकडे टाकतात, लेकराच्या नावावर टिक करतात, आणि डब्बीतून दोन स्टिकर निघतात. दोन्हीवर एकच कोड. एक लेकराला चिकटवायचं, एक मायनं जपून ठेवायचं. जाताना कोड जुळला तर लेकरू मिळते, नाही तर नाही. लेकराला शेंगदाणा चालत नसंल तर ते पण स्टिकरवर येते.

आमच्या संडे स्कूलला पोट्टे चाळीसएक. त्यांना कोणी आणून सोडत नाही, ते आपले आपले येतात, कडेवर लहान भाऊ, मागं कुत्रं, आणि एक जण तर बकरी बाहेर बाभळीला बांधून येते. कोणाचं पोट्टं म्हणून विचारायची वेळच येत नाही, पानठेल्यावरचा माणूस नुसतं चालणं पाहून आजोबाचं नाव सांगते.

पण दान आलेली वस्तू. नाही कसं म्हणता?

ती चार महिने पाळक साहेबांच्या, म्हणजे पास्टरच्या, कपाटात प्रभुभोजनाच्या पेल्यांच्या बाजूला बसली. ईस्टर झाल्यावर टेक्सासवरून व्हिडिओ कॉल आला, की रिपोर्ट काहून येत नाही. लगेच मंडळीच्या वडिलांची, म्हणजे पंचांची, मीटिंग. आमच्या मंडळीत हजेरीचं रजिस्टर सगळ्यात थोरले काकाजी लिहितात, कापडी बांधणीचं लांबलचक रजिस्टर, नाताळ अन ईस्टर लाल शाईनं. त्यांचा विरोध होता, आणि त्यांच्या विरोधाला इतिहास असते. "१९५३ साली आपल्या यवतमाळात पाळक शिकवाची सेमिनरी निघाली. ८३ साली पुण्याले गेली. पोट्टे शिकले का पुण्याले जातेत. आता राह्यली होती हजेरी, ते अमेरिकेले चालली." यावर कोणाकडं उत्तर नव्हतं, म्हणून ठराव पास झाला. काम माझ्याकडं.

प्रिंटरच्या पिनाच चपट्या निघाल्या. आपल्या बोर्डात त्या जातच नाहीत. तिकडं लाईट १२० व्होल्टची, इकडं २३०, म्हणून मी आधी भिंग घेऊन ॲडॉप्टरवरचं बारीक अक्षर वाचलं, १०० ते २४० लिहिलं होतं, तवा जीवात जीव आला. तोवर वायरमननं पिना तोडून, वायरी सोलून, दोन काड्यापेटीच्या काड्या खोचून सप्लाय दिला पण होता. मी म्हटलं अहो तालुक्याला कन्व्हर्टर मिळते. तर म्हणे, हा त्याचाच भाऊ आहे.

मग खरा झांगडगुत्ता, नावं भरणं.

ॲपला आधी पत्ता पाहिजे. राज्याची यादी उघडली तर सगळी अमेरिकेची, लुइझियानानंतर डायरेक्ट मेन. महाराष्ट्र त्यांच्या मधात यायला पाहिजे होता, पण नाही. पिनकोड सहा आकडी टाकला तर ॲप म्हणे पाचच पाहिजेत. एक आकडा कोणता कमी करू, गावाचा का पोस्टाचा? शेवटी सगळ्यांना त्या भावाच्याच चर्चचा पत्ता देऊन टाकला. आज रोजी आमची अख्खी मंडळी कागदोपत्री टेक्सासात राहते आणि एकाकडं पासपोर्ट नाही. जन्मतारखेत महिना आधी, तारीख मागून. त्यामुळं बारा तारखेच्या पुढं जन्मलेलं एकही पोट्टं ॲप घेईना, आणि बारापर्यंतची सगळी गुपचूप घेतली, पण भलत्याच महिन्यात.

त्यात पोट्ट्यांची खरी नावं कोणालाच माहीत नाहीत. मायला विचारलं तर म्हणते चिंट्या. शाळेत काय? तर म्हणते थांबा, याच्या बापाले विचारते. बाप वावरात, त्याचा फोन घरी.

आणि बायांना विचारायची तर सोयच नव्हती. मी रजिस्टर घेऊन दारोदार "घरात किती जण, बाया किती" असं विचारत फिरतोय म्हटल्यावर बातमी माझ्या पुढं पळाली, की हा लाडक्या बहिणीचे पंधराशे कापाले आला. ॲपमध्ये एक 'कुटुंब' म्हणून खोका असते, त्यात सगळे टाकायचे. तर सासू म्हणे मले येगळं टाक, मोठी सून म्हणे मी येगळी, धाकटी म्हणे माही तं चूलच येगळी आहे. केवायसीत एका घरात लग्न झालेली एक अन बिनलग्नाची एक एवढंच चालते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं पाठ. मी म्हटलं अहो हे चर्चचं आहे, सरकारचं नाही. "मंग फोन नंबर कायले पाहिजे?" ओटीपी तर कोणी दिलाच नाही. बरोबरच आहे म्हणा, ओटीपी कोणाला देऊ नका अशी पाटी माझ्याच दुकानात लागली आहे.

शेवटी संडे स्कूलच्या बाईंना दया आली. म्हणाल्या, ज्यांचा नंबर नसंल त्यांना माझा टाका. सतरा पोट्ट्यांना टाकला. ॲपनं ती सतरा पोट्टी उचलली आणि बाईंच्या कुटुंबात नेऊन बसवली. बाईंचं लग्न व्हायचंय अजून. त्या स्क्रीनकडं पाहून एवढंच म्हणाल्या, "हे टेक्सासले दिसते का?"

एक पाप माझंही आहे, ते सांगून टाकतो. आमच्याकडं प्रभुदास पाच, त्यात दोघांचं आडनावही एक. ॲपनं पिवळी पट्टी दाखवली, की हा माणूस दोनदा आला असं वाटते, एक करू का? रात्रीचे अकरा वाजले होते, डास चावत होते, मी दाबलं. सकाळी पाहतो तर एका प्रभुदासला दोन बायका, सहा लेकरं आणि दोन ट्रॅक्टर... नाही, ट्रॅक्टर ॲपमध्ये नव्हते, ते मी मनानं जोडले. दोघं प्रभुदास एकमेकांशी धुऱ्याच्या भांडणावरून तीन वर्षं बोलत नाहीत.

रविवार उजाडला. उन्हाळ्यात उपासना साडेआठला असते. मी सात वाजताच टेबल मांडलं, टॅबलेट उभा केला, माझ्या मोबाईलचं हॉटस्पॉट दिलं. टावर एकच दांडी, ती पण दारातल्या कडुनिंबाखाली गेलं तर. आमच्याकडचं नेटवर्क बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेसारखं आहे, येणार येणार म्हणून ऐकत राहायचं. बरोबर साडेआठला पहिलं पोट्टं आलं, मी नंबर टाकला, ॲप म्हणे आज कोणताच कार्यक्रम नाही. असं कसं? नीट पाहिलं तर वर तारीख कालची. शनिवार, रात्रीचे दहा.

टाइमझोन तिकडचा! आणि तो बदलायचा अधिकार फक्त त्या भावाकडं. फोन लावला तर उचलला त्यानं, पण आवाजावरून निम्मा झोपलेला, म्हणे सेटिंगमध्ये जा, आणि तेवढ्यात दांडी गेली. रांगेत पोट्टे वाढत चालले, आतून पेटी वाजायला लागली, मी घाम पुसत शनिवारी रात्री दहाचा एक कार्यक्रम तयार केला आणि त्यात सगळ्यांना घ्यायला लागलो. शनिवारी उपासना करणारा पंथ वेगळा, आमची रविवारची. थोरले काकाजी मागं उभे राहून पाहत होते. "आपण शनिवारवाले झालो का बे?"

पहिलं स्टिकर निघालं. नावं मी मोठ्या हौसेनं मराठीत भरली होती आणि त्या प्रिंटरला मराठी येत नाही, सगळ्या नावाच्या जागी चौकोन-चौकोन छापून आले. कोड तेवढा इंग्रजीत स्वच्छ. एक आजी म्हणाल्या, माह्या नातवाच्या छातीवर विटा कायले छापल्या? दहाएक स्टिकरं झाली आणि रोल संपला. दुसरा रोल कुठं? पाळक साहेबांच्या बोलेरोत, काचेखाली, परवापासून. यवतमाळ जिल्हा, एप्रिल महिना. ते स्टिकरचे कागद शाईचे नसतात, उष्णतेनं काळे होणारे असतात, प्रिंटर फक्त पाहिजे तिथं चटका देते. आमच्या उन्हानं पाहिजे तिथं, नको तिथं, सगळीकडं चटका देऊन ठेवला होता. बाहेरचे थर काळेकुट्ट, आतले राखाडी. तेच चिकटवले. मग उपासना सुरू झाली म्हणून मी आत जाऊन बसलो, आणि टॅबलेट तसाच टेबलावर राहिला. हे वाक्य लक्षात ठेवा.

उपासना सुटल्यावर मी दारात उभा. नियम म्हणजे नियम.

"आजी, कोड दाखवा."

"काय दाखवू?"

"चिठ्ठी. सकाळी निघाली होती ते."

"राशनची?"

मी समजावलं की ते दुसरं स्टिकर. ते बाईंकडं होतं, कारण ॲपच्या हिशोबानं हा नातू बाईंचा. आणि बाई आत सतरा पोट्ट्यांची स्टिकरं हातात धरून पत्त्यासारखी जुळवत बसलेल्या. आजीनं पदर खोचला.

"अबे, हे पोट्टं माह्या हातावर जलमलं. याचा बाप बी. अन तू? तुह्या मायचं बाळंतपण कोणं केलं? पायाळू होता तू, रात्रभर माह्यावाली कंबर मोडली. तवा कोणती चिठ्ठी दाखवून तुले तुह्या मायच्या वटीत घातलं मी?"

मागं सगळी मंडळी उभी, पाळक साहेब पण. मी बाजूला सरकलो. आजीमागून सगळे गेले, सांबारवडीच्या घमेल्यावर पडतात तसे, पाच मिनिटांत वर्ग रिकामा. प्रत्येक पोट्टं बरोबर आपल्या घरी पोचलं. बकरी पण.

संध्याकाळी टेक्सासवरून फोन, आवाज भरून आलेला. "भाऊ, रिपोर्ट पाह्यला मी. त्रेसष्ट पाहुणे! अरे आमच्या इथं सहा महिन्यांत येत नाहीत एवढे नवीन. प्रभू काम करून रायला गावात!" थोरल्या काकाजींच्या रजिस्टरात तर लेकरं एकेचाळीस, पाहुणा एकही नाही. मी टॅबलेट उघडला. आम्ही आत प्रार्थनेत डोळे मिटलेले असताना बाहेर पोट्ट्यांना शोध लागला होता, की 'पाहुणा' दाबून काहीही टाईप केलं की डब्बी स्टिकर देते. विराट आला होता. धोनी दोनदा. एबीसीडी आला होता, त्याचा भाऊ ईएफजीएच आला होता. मोती नावाचा कोणी चार वेळा, ॲलर्जीच्या रकान्यात 'मांजर'.

फोनवर मी सांगणारच होतो. पण तो म्हणाला दुसरा प्रिंटर पाठवतो, आणि मला शब्द सापडेना.

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच पाळक साहेब दारात हजर. हातात डायरी, डोक्याला दुपट्टा. त्या ॲपनं त्यांना रात्री मेसेज टाकला होता, की नवीन पाहुण्यांना तीन दिवसांच्या आत घरी जाऊन भेटा. साहेब पडले मन लावून काम करणारे, त्यांनी यादी उतरवून घेतली होती.

"हा मोती कोणाकडचा? चार येळा आला म्हणजे ओढ दिसते."

मी म्हटलं, "पंपाजवळच्या काकाजीकडचा. घरीच असते दिवसभर."

"मग आत्ता जाऊन येतो."

"जा साहेब. पण फाटकातूनच आवाज द्या, चावते तो."