त्लास्काला आहे, आणि गद्दारही नाही

मेक्सिकोतल्या समाजमाध्यमांवर कित्येक वर्षं एक विनोद फिरतोय: 'त्लास्काला नो एक्सिस्ते'. म्हणजे त्लास्काला नावाचं राज्य मुळात नाहीच. कुणी 'मी त्लास्कालाचा' असं लिहिलं, की खाली लगेच विचारणा होते, 'तिथला माणूस खरंच कुणी पाहिलाय का?' नुसती थट्टा असती तर सोडून देता आली असती. पण तिच्याबरोबर तीन दावे ठरलेले असतात. ते राज्य म्हणजे शेजारच्या पुएब्लाचाच एक कोपरा. त्याचा इतिहास म्हणजे गद्दारी, कारण तिथल्या लोकांनी स्पॅनिश सेनानी कोर्तेसला साथ देऊन मेक्सिको स्पेनला विकला. आणि बघण्यासारखं तिथे काही नाही. तिन्ही दावे चुकीचे आहेत. त्यातला गद्दारीचा तर एका अख्ख्या समाजाच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या मारला गेलाय.

आधी कोपऱ्याचं बघू. त्लास्काला हे मेक्सिकोच्या ३१ राज्यांतलं सर्वांत लहान राज्य, क्षेत्रफळ जेमतेम ४,००० चौरस किलोमीटर. आपला गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे त्लास्काला गोव्याहून थोडं मोठंच. २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या १३,४२,९७७ भरली. समुद्र नाही, तीन बाजूंनी पुएब्ला, त्यामुळे नकाशात ते पुएब्लाच्या पोटात गेल्यासारखं दिसतं. इतिहासात मात्र क्रम उलटा आहे. स्पॅनिशांनी पुएब्ला शहर वसवलं १५३१ मध्ये. तेव्हा त्लास्काला चार जुन्या संस्थानांचा मिळून चालणारा जुना मुलूख होता. बिशपची गादी पुढे पुएब्लाला हलली, तरी धर्मप्रांताचं नाव कित्येक शतकं त्लास्कालाच राहिलं. स्वातंत्र्यानंतर त्याला पुएब्लात विलीन करायचे प्रयत्न झाले. तिथल्या लोकांनी ते हाणून पाडले, १८२४ मध्ये केंद्राच्या अखत्यारीतला वेगळा प्रदेश म्हणून जागा मिळवली आणि १८५७ च्या संविधानात राज्याचा दर्जा घेतला.

आता गद्दारीकडे येतो. इथे जरा थांबावं लागेल.

गद्दारी करायला आधी निष्ठा असावी लागते. १५१९ मध्ये मेक्सिको नावाचा देश नव्हता. आजच्या मेक्सिको सिटीच्या जागी असलेल्या तेनोच्तित्लान शहरातल्या मेशिकांचं, ज्यांना आपण अॅझ्टेक म्हणतो त्यांचं, साम्राज्य होतं आणि त्लास्काला त्या साम्राज्यात कधीच नव्हतं. तिसात्लान, ओकोतेलुल्को, तेपेतिक्पाक आणि कियाविस्त्लान या चार संस्थानांनी मिळून मेशिकांशी अनेक दशकं झुंज दिली होती. भोवतालचे प्रदेश एकेक करून मेशिकांच्या ताब्यात गेले आणि त्लास्कालाची नाकेबंदी झाली. किनाऱ्याकडून येणारा कापूस थांबला, मीठ थांबलं. इथले लोक मीठ खात नाहीत, कारण त्यांच्या मुलखात ते मिळत नाही, असं खुद्द कोर्तेसने स्पेनच्या राजाला लिहिलेल्या पत्रात नोंदवलंय. लढाईत धरलेली त्लास्कालाची माणसं तेनोच्तित्लानच्या देवळांत बळी दिली जायची. या लोकांनी मेशिकांचं इमान राखायला हवं होतं, असं म्हणणाऱ्याने ते कशाच्या बदल्यात, हेही सांगावं.

शिवाय त्यांनी कोर्तेसचं स्वागत हार घालून केलं नाही. १५१९ च्या सप्टेंबरात तो हद्दीवर आला तेव्हा सेनापती धाकट्या शिकोतेन्कात्लच्या हाताखाली त्लास्कालाची फौज त्याच्यावर तुटून पडली. एक नव्हे, अनेक लढाया झाल्या. घोडा हा प्राणी त्यांनी आधी कधी पाहिला नव्हता, तरी पहिल्याच चकमकीत त्यांनी घोडे मारले. स्पॅनिश जेरीस आले होते. त्यानंतर चारही संस्थानांच्या प्रमुखांनी बसून हिशेब केला: हा नवा माणूस संपवायचा, की जुन्या शत्रूवर वापरायचा? उत्तर आपल्याला आवडो न आवडो, निर्णय त्यांचा होता आणि तो राजकीय होता.

तो एकमताचाही नव्हता. १५२० च्या उन्हाळ्यात तेनोच्तित्लानमधून मार खाऊन, शेकडो माणसं गमावून कोर्तेस त्लास्कालात परतला. त्याच सुमारास मेशिकांचे दूत मैत्रीचा प्रस्ताव घेऊन आले. धाकटा शिकोतेन्कात्ल म्हणाला, हाच प्रस्ताव घ्या, या परक्यांना संपवा. ओकोतेलुल्कोचा म्हातारा माशिश्कात्सिन इतका भडकला की भर सभेत त्याला पायऱ्यांवरून ढकलून दिलं, असं एका स्पॅनिश सैनिकाने लिहून ठेवलंय. माशिश्कात्सिन त्याच वर्षी देवीच्या साथीत गेला. ती साथही स्पॅनिशांबरोबरच आली होती. पुढच्या वर्षी कोर्तेसने शिकोतेन्कात्लला फासावर चढवलं. 'सगळे विकले गेले' म्हणणाऱ्यांना हा माणूस ठाऊक नसतो. आज राज्याच्या राजधानीचं पूर्ण नावच 'त्लास्काला दे शिकोतेन्कात्ल' आहे.

मूठभर स्पॅनिशांनी घोडे आणि बंदुकांच्या जोरावर साम्राज्य बुडवलं ही गोष्ट आपल्याकडेही सांगितली जाते. तिचं उत्तर १५२१ च्या फेब्रुवारीतल्या एका दृश्यात आहे. तेनोच्तित्लान तळ्यात वसलेलं, म्हणून गलबतं हवी होती. तेरा गलबतांचं लाकूड त्लास्कालात तोडलं गेलं. सुतारकाम मार्तिन लोपेस या स्पॅनिश सुताराच्या देखरेखीखाली झालं, साहुआपान नदीत बांध घालून गलबतं तरंगवून पाहिली गेली आणि मग ती सुटी करून फळी न्‌ फळी माणसांच्या खांद्यांवरून डोंगरापलीकडे तळ्याकाठच्या तेश्कोको शहराला नेली गेली. कोर्तेस सांगतो, भारवाही माणसंच आठ हजार होती आणि रांग शहरात शिरायला सहा तासांहून जास्त वेळ लागला. बरोबर लढवय्ये वेगळे, पिसांचे तुरे लावून, नगारे वाजवत. हजारोंच्या संख्येने ही माणसं वेढ्यात लढली. तोतोनाक, वेहोत्सिंको, चाल्को, तेश्कोकोचा एक गट हे इतर स्थानिक समाजही कोर्तेसच्या बाजूने होते. मग गद्दारीचा शिक्का एकट्या त्लास्कालावरच का? माझ्या मते याचं उत्तर १५२१ मध्ये नाही, १८२१ नंतर आहे. स्वतंत्र मेक्सिकोने तेनोच्तित्लानला आपला पूर्वज मानलं, आणि मग त्याचे जुने शत्रू आपोआप देशद्रोही ठरले.

त्लास्कालाचे हात स्वच्छ होते असं मी म्हणत नाही. स्पॅनिशांनी चोलुला शहरात केलेल्या कत्तलीत ते सामील होते, आणि तेनोच्तित्लान पडताना त्यांनी जे केलं ते भयंकर होतं. पण क्रौर्याचा आरोप वेगळा आणि फितुरीचा वेगळा. एकाच्या पुराव्यावर दुसरा सिद्ध होत नाही.

'विकलं' म्हणता, तर मिळालं काय तेही पाहा. १५३५ मध्ये त्यांनी राजाकडून मानचिन्ह आणि 'निष्ठावंत शहर' हा किताब मिळवला, मुलूख कुठल्या स्पॅनिश जहागिरदाराला दिला जाणार नाही असं वचन घेतलं. आपली नगरसभा आपल्याच नावात्ल भाषेत चालवली. तिची १५४७ ते १५६७ ची कागदपत्रं आजही वाचता येतात. त्यातली १५५३ ची एक नोंद मला फार आवडते. निवडुंगावर पोसल्या जाणाऱ्या कोचिनील किड्यापासून लाल रंग निघायचा आणि त्याला बाजारात सोन्यासारखा भाव होता. सरदार मंडळी तक्रार करतात: साधी माणसं या रंगावर श्रीमंत झाली, कापसाच्या चटयांवर झोपू लागली, त्यांच्या बायका भारी घागरे घालतात, रविवारी चर्चला कुणी जात नाही, मक्याची शेतं ओस पडली आणि मालकाला कुणी मान देत नाही! उपाय म्हणून ठरतं, कुणीही निवडुंगाच्या दहाहून जास्त लागवडी करू नयेत. ज्या शहराची सभा आपल्या भाषेत असली भांडणं लिहून ठेवते, ते नाहीच असं कसं म्हणणार?

१५९१ मध्ये व्हाइसरॉयने उत्तरेकडची सरहद्द वसवायला त्लास्कालाकडे माणसं मागितली. ४०० कुटुंबं निघाली, पण अटी लिहून घेऊन: खंडणी नाही, वेठबिगार नाही, वस्ती वेगळी, घोड्यावर खोगीर घालून बसायची आणि शस्त्र बाळगायची मुभा. आजच्या साल्तियो शहराला लागून त्यांनी गाव वसवलं. त्या शहराची ओळख बनलेल्या साराप्याच्या, म्हणजे रंगीत चादरीच्या, विणकामाचं श्रेय परंपरेने त्लास्कालाच्या विणकरांनाच दिलं जातं.

'बघण्यासारखं काही नाही' याला फार वेळ देत नाही. काकाश्त्ला इथे १९७५ मध्ये जमिनीखालून भित्तिचित्रं निघाली, हजार-बाराशे वर्षांपूर्वीची. माया मुलूख तिथून शेकडो किलोमीटर दूर, तरी चित्रांची शैली माया वळणाची, आणि निळा रंग अजून ताजा. सान फ्रान्सिस्को मठाचं कोरीव लाकडी छत असलेला परिसर २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आला. वामान्त्लात १४ ऑगस्टच्या रात्री अख्खं गाव जागं राहून रस्त्यांवर रंगीत भुसा आणि फुलांचे गालिचे घालतं, आणि पहाटे मेरीमातेची मिरवणूक त्यांवरून जाते. आपल्या बांधावरच्या घायपाताच्या कुळातल्या मॅगे झाडाचं पुल्के हे आंबवलेलं पेय इथल्या मोठमोठ्या मळ्यांतून रेल्वेने मेक्सिको सिटीला जायचं. नानाकामिल्पाच्या जंगलात जून ते ऑगस्ट काजव्यांचा हंगाम असतो. या जातीच्या माद्या उडत नाहीत, जमिनीवरच चालतात, त्यामुळे पायवाट सोडून फिरणारा पर्यटक त्यांना तुडवतो. बघण्यासारखं काही नाही ही तक्रार बाजूलाच, इथे बघ्यांची गर्दी आवरण्याचा प्रश्न आहे.

थट्टेला राज्यानेही थट्टेनेच उत्तर दिलंय: 'त्लास्काला सी एक्सिस्ते', होय, आहे. पर्यटनासाठी ठीक. पण ज्या साहुआपान नदीत ती गलबतं तरंगवली, ती आज आतोयाक नदीसह मेक्सिकोतल्या अतिशय दूषित नद्यांत मोडते. काठावर कापड, रसायनं, वाहनांचे सुटे भाग यांचे कारखाने आहेत, आणि गावांचं सांडपाणीही तिच्यातच जातं. २०१७ मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने ठपका ठेवला, की सरकारी यंत्रणांनी आतोयाकच्या खोऱ्यातल्या लोकांचे स्वच्छ पर्यावरणाचे हक्क डावलले आहेत. काठावरची गावं अनेक वर्षं स्वच्छ पाण्यासाठी भांडताहेत. पुढच्या वेळी 'त्लास्काला नाहीच' ही ओळ कुणी पाठवली, तर उत्तरात या गावांची मागणी पाठवा.