काळा म्हणजे कडक, हे कुणी सांगितलं?

गेल्या महिनाभरात तोच एक मेसेज मला चार जणांनी पाठवला, त्यातले दोघं तर जन्मात सिगारच्या वाटेला गेलेले नाहीत. मेसेज साधारण असा: "काळा सिगार सगळ्यात कडक, नवख्याने हात लावू नये. स्वस्तातला काळा म्हणजे डाय मारलेलं पान. खरा सिगार फक्त क्युबाचा. राख जेवढी पांढरी तेवढा माल भारी. ओढण्याआधी टोक रममध्ये बुडवा. सिगार फ्रीजमध्ये ठेवा. धूर छातीत घेत नाहीत म्हणून तब्येतीला काही होत नाही." खाली हात जोडलेले आणि जास्तीत जास्त शेअर करा.

मी काही मोठा जाणकार नाही. नेरूळला राहतो, कामानिमित्त वाशीच्या एपीएमसीत मसाला मार्केटला रोजची फेरी असते, आणि पाच-सहा वर्षं झाली महिन्याला एखाद-दुसरा सिगार ओढतो, तोही गॅलरीत बसून, कारण बायकोला घरात तो वास चालत नाही आणि तिचं बरोबरच आहे. पण ह्या मेसेजमध्ये एक अर्धं वाक्य सोडलं तर बाकी सगळं हवेत आहे. ते अर्धं कुठलं ते पुढे येईलच.

आधी "काळा म्हणजे कडक". अहो, मग गोडा मसाला सगळ्यात तिखट असायला हवा की! भाजलेलं खोबरं, तीळ, दगडफूल, मसाला असा काळपट होतो की नवीन माणूस बघूनच पाणी मागेल, आणि चव बघाल तर नावातच गोडा. उलट लवंगी मिरचीची पूड छान लालचुटूक दिसते आणि चिमूटभरात कानातून धूर काढते. मार्केटमध्ये कुणी रंगावरून तिखटपणा ठरवत नाही, मग सिगारला हा नियम कुठून आला?

सिगारमध्ये तीन थर असतात. आतला भरणा तो फिलर, त्याला आवळून धरणारं पान म्हणजे बाइंडर, आणि वरून जे देखणं पान गुंडाळतात ते रॅपर. निकोटिनचा दणका मुख्यतः फिलरमधून येतो, कारण वजनाने तंबाखू तिथेच जास्त असते. आणि फिलरमध्येही रोपाच्या कुठल्या उंचीवरचं पान आहे त्यावर खेळ असतो: खालची पातळ पानं म्हणजे वोलादो, ती नीट जळतात पण जोर कमी, मधली सेको, त्यात सुवास, आणि शेंड्याकडची लिगेरो, जाड, तेलकट, भरपूर ऊन खाल्लेली, त्यात खरा दम. लिगेरो सावकाश जळते म्हणून ती बरोबर मध्यभागी ठेवतात. आता बाहेरून काळं पान आणि आत लिगेरो नावाला, असा सिगार मवाळ लागणार, आणि बाहेरून दुधाच्या चहासारखा फिकट पण आत लिगेरो ठासून भरलेली, असाही असतो, तो माझ्या नशिबी आला होता. उपाशीपोटी ओढला होता, चूक माझीच. अर्ध्यावर आलो आणि कपाळावर घाम, हाताला थरथर, पोटात ढवळायला लागलं. बायकोने गुळाचा खडा आणि पाणी दिलं, वर "अजून ओढा" हेही दिलं. तर मला आडवा केला तो फिकट सिगारने, काळ्याने नाही.

आता डायचं. अर्धं खरं वाक्य ते हेच. पानं रंगवण्याचे, वाफवून घाईघाईत काळी करण्याचे उद्योग होतात, आणि तंबाखूच्याच काड्या-पानांचा काढा, बेतून म्हणतात त्याला, तो पानावर शिंपडायची जुनी पद्धतही आहे. पण म्हणून प्रत्येक स्वस्त काळा सिगार रंगवलेला, हे म्हणजे कुणीतरी कार्बाइड लावून आंबे पिकवतो म्हणून पिवळा दिसणारा प्रत्येक हापूस कार्बाइडचा म्हणण्यासारखं झालं. अढीत पिकलेला आंबाही पिवळाच होतो ना.

आणि अढी हा शब्द मी उगाच नाही काढला. ह्या काळ्या सिगारला मादुरो म्हणतात आणि स्पॅनिशमध्ये मादुरोचा अर्थच पिकलेला. वाळवलेली पानं थोडी ओलसर करून त्यांचा माणसाच्या उंचीला टेकेल असा मोठा ढीग रचतात, त्याला पिलोन म्हणतात, आणि बाहेरून काहीही आच न देता तो ढीग आपल्या वजनाने आणि ओलाव्याने आतून तापायला लागतो. गवताची गंजी ओली रचली की आत हात घालवत नाही, तसंच. आत लांब थर्मामीटर खुपसून ठेवलेला असतो, गरमी ठरलेल्या आकड्यापुढे गेली की अख्खा ढीग मोडायचा, आतली पानं बाहेर, बाहेरची आत, आणि पुन्हा रचायचा. ह्यात अमोनियाचा तो उग्र वास निघून जातो, निकोटिनही काही प्रमाणात कमी होतं (म्हणजे काळं होताना पान उलट थोडं निवतंच!), आणि रंग गडद होत जातो. मादुरोसाठी हे जास्त गरमीत आणि जास्त काळ चालतं. नाजूक पानाला हे झेपत नाही, फाटतं. म्हणून जाड पानं निवडतात. अमेरिकेच्या कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातली ब्रॉडलीफ, मेक्सिकोतली सान आंद्रेस, ब्राझीलची माता फिना, ही मादुरोची नेहमीची नावं. गंमत बघा, त्याच कनेक्टिकटमध्ये कापडाचे मांडव घालून सावलीत वाढवलेलं पानही होतं, ते फिकट आणि रेशमासारखं पातळ, आणि ब्रॉडलीफ मात्र उघड्या उन्हात वाढवून अख्खं रोप बुंध्यातून कापून वाळत टांगतात.

मेसेजवाल्यांची अजून एक चाचणी फिरते, ओला टिश्यू फिरवा, तपकिरी डाग आला की डाय. नाही हो. तेलकट मादुरो ओठांवर थोडा रंग सोडतोच, तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. मी बघतो ते वेगळं: शिरा धरून अख्खं पान एकाच शेडचं, बुटाला पॉलिश मारल्यासारखं दिसतंय का. खऱ्या पिकलेल्या पानात कमीजास्त छटा असतात, कुठे डाग असतो. तोंडाला कडू रसायनी चव आली तर मग शंका घ्या.

"खरा फक्त क्युबाचा" ह्यावर जास्त वेळ घालवत नाही. क्रांतीनंतर तिथले कितीतरी तंबाखूवाले देश सोडून गेले, १९६२ मध्ये अमेरिकेने निर्बंध घातले, आणि ती विद्या निकाराग्वा, होंडुरास, डॉमिनिकन रिपब्लिक इथे रुजली. होसे ओरलांदो पाद्रोन हा क्युबातल्या तंबाखूवाल्या घरातलाच माणूस, त्याने १९६४ मध्ये मायामीत धंदा सुरू केला आणि पुढे निकाराग्वाची तंबाखू जगाला ओढायला लावली. क्युबाच्या नावापायी तर आपल्याकडे नकली माल जास्त खपतो. कुणी पानटपरीवर काचेच्या झाकणाच्या खोक्यातून "ओरिजनल क्युबन" स्वस्तात देत असेल तर नमस्कार करून पुढे निघा.

आता मेसेजमधल्या त्या स्वस्त काळ्याचं, स्वस्तातला मादुरो ओढून बघण्यालायक असतो का? स्वस्त हा शब्दही इथे जपून वापरायचा, कारण आपल्याकडे दुकानात जी किंमत लागते त्यातला मोठा वाटा कस्टम्स आणि करांचाच. माझा मेव्हणा न्यू जर्सीला असतो, तो येताना कस्टम्सच्या २५ नगांच्या मर्यादेत बसेल एवढंच आणतो. मागच्या खेपेला त्याला सांगून पाद्रोनचा २००० नंबर मागवला, दोन नॅचरल, म्हणजे मादुरोपेक्षा फिकट रॅपरचे, आणि दोन मादुरो. ५ इंच लांब, जाडी ५०, म्हणजे एका इंचाचे ६४ भाग केले तर त्यातले ५०, आपल्या हिशोबात जवळजवळ २ सेंटिमीटर. त्या कंपनीच्या वरच्या महागड्या मालापुढे ही साधी रांग, पण तंबाखू किमान अडीच वर्षं मुरवलेली. आणि ह्या भांडणासाठी ह्याच्याइतका सोयीचा सिगार नाही, कारण दोन्ही प्रकारात आत-बाहेर सगळी निकाराग्वाचीच तंबाखू, फरक वरच्या पानाचा. मेव्हणा देताना म्हणाला, "भावोजी, काळा जरा जपून हां." म्हटलं बघू.

एका शनिवारी नॅचरल, पुढच्या शनिवारी मादुरो, दोन्ही वेळा जेवण झाल्यावर, बरोबर बिनसाखरेची काळी कॉफी आणि मधेमधे साधं पाणी. टोक कापलं की लगेच पेटवायचं नाही, तसाच एकदा कोरा ओढून बघायचा. नॅचरलमध्ये सुकं गवत आणि पेन्सिल छिलताना येतो तो वास, मादुरोमध्ये काळ्या मनुका, अगदी स्पष्ट. मग ज्योत पानाला न लावता खालून शेकायचं, कडा सगळीकडून सारखी लाल झाली की पहिला झुरका. झुरका मिनिटाला एक, घाई केली की सिगार तापतो आणि काहीही भारी ओढा, चव जळक्या रबराची लागते. धूर तोंडात खेळवून सोडायचा, आणि एखाद वेळी थोडासा नाकातून, तिथेच निम्मी चव कळते, पण पहिल्यांदा करणार असाल तर अगदी थोडा, डोळ्यात पाणी येतं.

नॅचरल सुरुवातीलाच मिरी घेऊन आला, मग भाजलेले शेंगदाणे, शेवटपर्यंत जरा कोरडा. मादुरोचा पहिला भाग चक्क काकवी. खोटं नाही, कोल्हापूरच्या गुऱ्हाळात कढई उतरवताना जो वास सुटतो तो, त्यात थोडं कोको, आणि मधल्या भागात खरपूस भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा तेलकटपणा. मिरी होतीच, पण ती मागे बसलेली, शेवटच्या तिसऱ्या भागात पुढे आली. आणि कडकपणा? दोन्ही शनिवारी मी खुर्चीतून उठलो तेव्हा डोकं सारखंच जड होतं. मेव्हण्याला तसं कळवलं तर म्हणाला, तुमची सवय झाली असेल. झालं!

पांढऱ्या राखेचं एका ओळीत: राखेचा रंग जमिनीतल्या मॅग्नेशियमसारख्या क्षारांवर जातो, मालाच्या दर्जावर नाही, आणि राख लांब टिकली तर एवढंच कळतं की आत अखंड पानं आहेत, चुरा नाही.

रममध्ये बुडवणं. बुडवलेलं टोक फुगतं, पान सुटतं, ओढायला जोर लागतो, आणि ज्या काकवीसाठी एवढा खटाटोप केला ती रमखाली गाडली जाते. रम प्यायचीच असेल तर ग्लासातून प्या.

तब्येतीचं वाक्य मात्र ह्या सगळ्यात वाईट, आणि तेच सगळ्यात जास्त लोकांना आवडतं. सिगारचा धूर सिगारेटपेक्षा अल्कलीधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन छातीत न ओढताही तोंडाच्या आतल्या कातडीतून रक्तात जातं, मला घाम फुटला तो असाच, मी कुठे धूर आत घेतला होता? तोंड, घसा, अन्ननलिका ह्यांच्या कॅन्सरशी सिगारचा संबंध पक्का आहे, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ मध्ये फक्त सिगारवर जाडजूड अहवाल काढला होता. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. मी हे माहीत असून ओढतो, महिन्याला एक-दोन, आणि जो ओढत नाही त्याला सुरू कर असं कधी म्हणत नाही. पण "धोका नाही" असं लिहून कुणाच्या काकांना पाठवू नका.

राहिला फ्रीज. फ्रीज हवा कोरडी करतो, सिगारला ६५ ते ७० टक्के ओलावा लागतो, आणि वर मेथीचा न् लसणाच्या चटणीचा वास पान पिऊन घेतं. मग बाहेर ठेवावा तर आपल्याकडे जुलैत हवाच ८५-९० टक्के, पान फुगून तडकतं, बुरशी धरते. माझे सहा सिगार एका पावसाळ्यात असेच गेले, कपाटात ठेवून विसरलो, काढले तर प्रत्येकाला टाचणीएवढी भोकं. किडा बघितला आणि ओळखीचाच निघाला, आमच्या मार्केटमध्ये हळदीच्या गाठी पोखरतो तोच, तंबाखूवरही तो तितकाच मजेत जगतो. तेव्हापासून घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि आत ६५ टक्क्यांचं ओलावा राखणारं पाकीट, एवढीच माझी व्यवस्था, आणि डबा घरातल्या सगळ्यात थंड खोलीत पलंगाखाली. तो मूळचा पापडाचा डबा, म्हणून बायकोने त्यावर पट्टी चिकटवून लिहिलंय, "तळू नये."