खुलासा : बेकर खटला ‘नुसता फेटाळला’ नव्हता

समलिंगी विवाहावरच्या चर्चेत एक मेसेज फिरतोय : ‘१९७२ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने बेकर विरुद्ध नेल्सन ऐकलाच नाही, म्हणजे निकालच दिला नाही.’ हे चूक आहे.

मिनेसोटा राज्यात विवाह परवाना नाकारलेल्या दोन पुरुषांच्या त्या अपिलावर आदेश एका ओळीचाच होता : महत्त्वाचा संघीय प्रश्न (म्हणजे अमेरिकेच्या राज्यघटनेचा वा केंद्रीय कायद्याचा) नसल्याने अपील फेटाळले. कारणमीमांसा शून्य. पण तेव्हा अशी अपिलं घेणं कोर्टाला बंधनकारक होतं, त्यामुळे ही फेटाळणी गुणवत्तेवरचा निकालच ठरते. हिक्स विरुद्ध मिरांडा (१९७५) मध्ये कोर्टाने तसं स्पष्ट सांगितलं : खालच्या न्यायालयांवर ती बंधनकारक.

आपला गोंधळ होतो तो एसएलपीमुळे, म्हणजे सुप्रीम कोर्टाकडे अपिलाची परवानगी मागणाऱ्या विशेष अनुमती याचिकेमुळे. आपल्याकडे एसएलपी कारण न देता फेटाळली तर कायदा ठरत नाही; अमेरिकेत ‘सर्शिओरारी’ (खटला ऐकावा असा अर्ज, जो घेणं-न घेणं कोर्टाच्या मर्जीवर) नाकारण्याचंही तसंच. अपिलाचं तसं नव्हतं.

अर्थात उलट टोकही नको. मँडेल विरुद्ध ब्रॅडली (१९७७) नुसार बंधन फक्त नेमक्या त्याच मुद्द्यांपुरतं, आणि खुद्द सुप्रीम कोर्ट त्याला सविस्तर निकालाइतकं वजन देत नाही. तरीही २०१४ मध्ये सहाव्या सर्किटने (सुप्रीम कोर्टाखालच्या संघीय अपील न्यायालयाने) समलिंगी विवाहबंदी कायम ठेवताना बेकरचाच आधार घेतला. समलिंगी विवाहाचा हक्क मान्य करणाऱ्या २०१५ च्या ओबर्गेफेल निकालात सुप्रीम कोर्टाला बेकर रद्द ठरवावा लागला. निकालच नसता, तर रद्द काय केलं असतं?